वयात आलेली करडं आणि मी

किस्से कोणी गोळा करत नाही, ते साचतात. शेळ्यांचा गोठा सकाळी झाडून लख्ख करावा आणि दुपारी पाहावं तर पुन्हा सगळीकडे लेंड्याच लेंड्या, तसं! मी शेळ्यांची डॉक्टर. घरात लग्न असो, बारसं असो, जेवणं आटोपली की पान लावता लावता कोणीतरी म्हणतंच, "शैलाताई, तुमच्या त्या बोकडांचं होऊन जाऊ द्या!" माणसांच्या डॉक्टरांना लोक आपले दुखरे गुडघे दाखवतात. मला बसायला सतरंजीचा मधला भाग देतात आणि हसायची तयारी करून बसतात. तक्रार नाही. जिनं उमेदीची वर्षं बोकडांच्या मागे टेप घेऊन धावण्यात घालवली, तिनं याहून जास्त मानाची अपेक्षा कशाला ठेवावी?

हे सगळं सत्तरच्या दशकातलं, नागपूरचं. पशुवैद्यकाची पदवी घेऊन मी पुढच्या पदवीला बसले होते. वर्गात मुली दोनच. दुसरीनं लग्न केलं आणि गेली, तेव्हापासून मी एकटीच 'मुली' झाले. हजेरी घेताना सर विचारत, "मुली आल्यात?" आणि मी उठून म्हणे, "आल्यात, सर."

* * *

माझं स्वप्न साधं होतं. धंतोलीत एक दवाखाना. तिथं माणसांच्या डॉक्टरांच्या पाट्याच पाट्या, त्यातच एक माझी. अंगात पांढरा कोट, टेबलावर नुकतंच न्हाऊमाखू घातलेलं एखादं पामेरियन कुत्रं, आणि बाहेर बाकावर त्याची काळजीत पडलेली श्रीमंत मालकीण.

आमचे मार्गदर्शक म्हणजे देशकर सर. बारीक अंगकाठी, खादीचा शर्ट, आणि बोलणं असं की शब्दाला कर लागतो. त्यांनी माझं स्वप्न शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "शेळी."

"सर, कुत्रं..."

"शेळी. दूध सुटलेल्या करडांना जास्तीचा खुराक दिला, पेंड दिली, खनिजांची भुकटी दिली, तर ती लवकर वयात येतात का? अर्ध्या करडांना खुराक, अर्ध्यांना नुसता चारा. बघा, मोजा, लिहा."

मी खाली मान घालून उभी राहिले. त्या काळात आमच्या घरी 'वयात येणं' हा शब्द माणसांबद्दलही कोणी मोठ्यानं उच्चारत नसे.

"सर, घरी बाबांना काय सांगू?"

सरांनी क्षणभर विचार केला. "बाबांना खुराकाचं सांगा. वयात येण्याचं मला सांगत जा."

* * *

त्याप्रमाणे मी बाबांना सांगितलं, "विषय आहारशास्त्राचा आहे."

बाबा रेल्वेत कारकून. त्यांनी ही बातमी महालातल्या आमच्या सगळ्या गल्लीत पोचवली. चौथ्या घरातल्या नलूकाकू संध्याकाळीच हजर! त्यांच्या सुधाकरचं लग्न ठरलेलं, आणि मुलगा वाळलेल्या शेंगेसारखा.

"शैले, तू खाण्यापिण्याचंच शिकून राहिली ना वं? आमच्या सुध्याले काही सांग. नवा कोट शिवला, तर कोटच दिसते. सुध्या दिसतच नाही!"

आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझा सल्ला मागत होतं. मी पाठ ताठ केली.

"आधी वजन करा. वजनाच्या मानानं खुराक ठरवायचा. एकदम वाढवायचा नाही, पोट फुगतं. थोडा थोडा वाढवत न्यायचा. आणि सकाळच्या उन्हात जरा मोकळा सोडत जा."

"सोडते," काकू म्हणाल्या. "अन् पाणी?"

"समोर ठेवून द्या. लागेल तेवढं तो पितो."

"बरं. पण खाल्लेलं अंगी लागून राहिलं, हे कसं समजाव?"

"सोपं आहे. अंगावर तकाकी येते. आणि लेंड्या कशा पडतात त्यावर रोज लक्ष ठेवा."

सुधाकरचं लग्न थाटात झालं म्हणे. आमच्याकडे आमंत्रण आईबाबांच्या नावानं आलं. फक्त आईबाबांच्या!

* * *

आई घरी ब्लाउज शिवायची. एक दिवस एका शाळेच्या हेडमास्तरीणबाई माप द्यायला आल्या. आईनं टेप त्यांच्या खांद्यावरून टाकला, तशा बाई नाक आक्रसून इकडेतिकडे बघायला लागल्या. आईनं खिडकी लावली, मग उघडली, मग टेपच नाकाशी नेला.

त्या गेल्यावर मला हाक आली. "शैले! टेपाले बोकडाचा वास काहून येऊन राहिला वं?"

त्याचं असं होतं की बोकड वयात यायला लागला की त्याच्या अंडकोषाचा घेर वाढतो, आणि तो वरचेवर मोजावा लागतो. कॉलेजचा टेप हरवला होता. आईचा घरात होता. मी परत आणून जागच्या जागी ठेवत होते. धूतही होते, पण बोकडाचा वास साबणाला कुठला ऐकतो!

"कशाचं माप घेतलं यानं?" आईनं विचारलं.

मी आधी इंग्रजीत सांगितलं. आई बघतच राहिली. मग जमिनीकडे बघत मराठीत सांगितलं.

आईनं मशीनचं फिरतं चाक हातानं थांबवलं. मला वाटलं, संपलं माझं शिक्षण!

"सगळ्या बोकडांचं घेते?"

"हो."

"घडीघडी घेते?"

"हो."

"एवढी मापं घेते," आई म्हणाली, "मंग शिवते काय?"

* * *

आमचं शेळ्यांचं केंद्र उमरेड रोडवर, शहराबाहेर. संध्याकाळी काम संपलं की उमरेडहून येणारी एस.टी. हात दाखवून थांबवायची. गाडी नेहमी खचाखच. पण मी चढले की कोणीतरी उठून जागा द्यायचं. बाकावरचे बाकीचेही सरकायचे. बरेचदा तर अख्खा बाक मला एकटीला मिळायचा!

मला आपल्या लोकांचा फार अभिमान वाटे. मी घरी सांगितलंसुद्धा, "बाबा, तिकडे पुण्यामुंबईच्या बायका गर्दीत उभ्या राहतात म्हणे. आपल्या वऱ्हाडनागपुराकडे बघा, बाईमाणसाचा केवढा मान ठेवतात!"

एक दिवस नवा कंडक्टर होता. गाडीत चेंगराचेंगरी, आणि मी खिडकीशी ऐसपैस बसलेली. तो माझ्यापाशी आला आणि वाकून बाकाखाली बघायला लागला. मग मागच्या बाकाखाली बघितलं.

"मॅडम, जनावराचंबी तिकीट लागते."

"कुठल्या जनावराचं?"

"बोकडाचं. दिसून नाही राहिला, पण हाये. अख्खी गाडी सांगून राहिली."

"अहो, बोकड नाही कुठला. मी एकटीच आहे."

कंडक्टरनं माझ्याकडे नीट पाहिलं, एकदा श्वास घेतला, आणि पंच काढला. "मंग एकच फाडतो."

* * *

याच दिवसांत मला बघायला पाहुणे आले. मुलगा बँकेत, शांत, चष्मेवाला. बरोबर त्याचे आईवडील आणि मध्यस्थ म्हणून बाबांचे ऑफिसमधले एक स्नेही. मी पोहे आणून ठेवले. त्याआधी आईनं मला लिंबू लावून चोळून चोळून आंघोळ घातली होती, लहान मुलीला घालतात तशी!

मुलाच्या आईनं विचारलं, "आहारशास्त्र म्हणजे नेमकं काय शिकतेस गं?"

बाबा घाईनं म्हणाले, "पोहे घ्या ना."

पण मुलगा म्हणाला, "नाही, खरंच सांगा. मला ऐकायला आवडेल."

इतक्या आपुलकीनं मला आजवर कोणी विचारलं नव्हतं! मी ठरवलं, आता लपवायचं नाही. जन्माची गाठ खोट्यावर कशाला बांधायची? आणि मी सुरू झाले. खुराक सांगितला, खनिजं सांगितली. वयात आल्याच्या खुणा सांगितल्या. बाबा पोह्यातले शेंगदाणे वेगळे काढत बसले. आईचा पदर तोंडाशी गेला.

"पण बोकड वयात आला हे ओळखता कसं?" मुलानं विचारलं. अगदी मनापासून.

"सोपं आहे!" मी म्हणाले. "त्याला मादीचा वास आला की तो मान अशी वर करतो, आणि वरचा ओठ असा..."

आणि मी करून दाखवलं. मान वर, ओठ मुरडलेला, दात बाहेर, डोळे अर्धवट मिटलेले. कित्येक महिने रोज बघत होते, हुबेहूब जमलं!

डोळे उघडले तेव्हा पाहुण्यांच्या पाठीमागून मुलाचे मोठे काका चपला काढून आत येत होते. त्यांना यायला उशीर झाला होता. आधीचं काही त्यांनी ऐकलेलं नव्हतं.

नकार चार दिवसांनी मध्यस्थामार्फत आला. "मुलगी चांगली आहे, हुशार आहे. मुलाची तर काही हरकत नव्हती. पण त्याचे काका म्हणतात, पोरगी आमच्या पोराकडे बघून तोंड वाकडं करत होती!"

* * *

स्थळ गेलं ते गेलं, निदान संशोधन तरी होतं. केंद्रावर करडांची देखभाल श्रावणभाऊ करायचे. मोठ्या मिशा, मोठा आवाज, आणि प्रत्येक करडाला नाव ठेवण्याची हौस. जाळीच्या या बाजूला खुराकवाली करडं, त्या बाजूला नुसत्या चाऱ्यावरची. वर्ष संपत आलं तशी मी आलेख काढायला बसले. एक खुराकवाल्यांचा, एक बिनखुराकवाल्यांचा. एकावर एक ठेवले, तर एकच रेघ दिसे. आधी तर मला आनंदच झाला, किती सुबक काम केलंय आपण!

मग लक्षात आलं. खुराक द्या किंवा देऊ नका, सगळी करडं एकदमच वयात आली होती. एवढा मोठा शोध! पेंडवाल्यांची दुकानं बंद पडणार!

सरांनी कागद पाहिले आणि एवढंच म्हणाले, "श्रावणभाऊंना बोलवा."

श्रावणभाऊ आले, डोक्याचं मुंडासं हातात घेऊन. बराच वेळ मिशी ओढत राहिले. मग एकदम फुटलेच.

"मॅडम, तुम्ही घरी गेल्या की तिकडली लेकरं जाळीले तोंड लावून बोंबलत. एकाच मायची जुळी. एकाले पेंड अन् एकाले वारा? माह्याच्यानं नाही पाहवलं. मी सगळ्यायले वाटून देत होतो."

"अहो श्रावणभाऊ, हा प्रयोग आहे!"

"म्हणूनच तं," ते म्हणाले, "तुमच्यासमोर कधी नाही देलं."

मी कडब्याच्या गंजीमागे जाऊन रडले. वर्ष गेलं होतं. नव्या करडांवर पहिल्यापासून सगळं करायचं होतं. बरं, श्रावणभाऊंवर चिडावं, तर ते माझ्याहून जास्त रडत होते! सर तिथं आले, आम्हा दोघांना बघून थोडा वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "निष्कर्ष तसा चांगला आहे. वाटून खाल्लं तर सगळेच वयात येतात."

घरी बाबांनी विचारलं, "म्हणजे तू नापास झाली काय?"

"मी एकटी नापास, बाबा. बोकड सगळे पास."

* * *

दुसऱ्या फेरीच्या वेळी सरांनी मला नरखेड तालुक्यात, त्यांच्याच गावाकडे, शेतकऱ्यांपुढे भाषण करायला पाठवलं. मी तीन रात्री जागून शुद्ध मराठीत भाषण लिहिलं. 'पूरक आहार', 'प्रजननक्षमता', 'लैंगिक परिपक्वता'! एकही इंग्रजी शब्द नाही. पारावर माणसं जमली, बायका जमल्या. मी बोलत गेले. पुढे बसलेली एक म्हातारी शेजारणीला विचारत होती, "बाई कोन्या मुलखातली हाये वं? मराठी येते का इले?"

तरी शेवटी खनिजांच्या भुकटीची नमुन्याची पाकिटं वाटली, ती सगळ्यांनी नेली. फुकटाला भाषेची अडचण नसते.

पुढच्या मोसमात रामभाऊ नावाचे एक शेतकरी मोटारसायकलला टोपली बांधून थेट कॉलेजात आले. टोपलीत संत्री, एकेक ही एवढी!

"मॅडम, तुमची भुकटी एक नंबर! दोन सालापासून बांधावरचं झाड रुसून बसलं होतं. काही केल्या बहार धरे ना. तुमचं पाकीट पुरं बुडाशी टाकलं. पाहा ह्ये!"

"अहो, ते करडांसाठी होतं!"

"करडंच नाहीत माह्यापाशी," रामभाऊ म्हणाले. "पण तुम्ही इतक्या दुरून आल्या, तुमचं मन काहून मोडाव? झाड बी वयातच आलं न, मॅडम. लिहून टाका!"

संत्री गोड होती. माझ्या संशोधनाचा तोवर हाती आलेला एकुलता एक निकाल सरांनी सोलून मला अर्धा दिला.

* * *

आणि आता आक्कांचं.

देशकर सरांनी लग्न केलं नव्हतं. त्यांची मोठी बहीण, सगळे त्यांना आक्का म्हणत, गावी त्यांची संत्र्याची बाग सांभाळायची. आक्कांचं लग्न फार लहानपणी झालं होतं. थोड्याच वर्षांत त्या सासर सोडून माहेरी आल्या, त्या आल्याच. का आल्या, ते सरांच्या घरात कोणी विचारत नसे. कपाळाला कुंकू लावायच्या, नवऱ्याचं नाव घ्यायच्या नाहीत.

आमची दुसरी फेरी सुरू होती. या वेळी जाळीच्या जागी भिंत होती आणि श्रावणभाऊंनी आपल्या मिशीची शपथ घेतली होती. खुराकवाल्यांत एक चांदणी होती, काळी, कपाळावर पांढरा ठिपका. सर रजा घेऊन गावी निघाले तेव्हा मला सांगून गेले, "पहिली बकरी माजावर आली की लगेच कळवा. तार करा." पहिली कुठल्या बाजूची येते, यावर माझी दोन वर्षं टांगलेली होती.

आणि एका सकाळी चांदणी ओरडायला लागली. शेपटी हलतेय, चारा खात नाही, भिंतीपलीकडच्या बोकडाच्या दिशेनं मान! बिनखुराकवाल्या सगळ्या शांतपणे रवंथ करत होत्या. मी आणि श्रावणभाऊ गोठ्यात अक्षरशः नाचलो. मग मी धावत तार ऑफिसात गेले. 'माजावर आली' हे इंग्रजीत लिहायला गेले तर ते फारच उघडंवाघडं दिसायला लागलं. खिडकीतला बाबू वाचणार, गावचा पोस्टमास्तर वाचणार. सरांची अब्रू! म्हणून मी शास्त्रीय, सभ्य शब्द वापरला. इंग्रजी तारेचा अर्थ एवढाच: चांदणी वयात आली, ताबडतोब या.

तार गावी पोचली तेव्हा सर नागपूरच्या गाडीत बसून निघालेले होते. पोस्टमास्तरनं ती आक्कांना मराठीत वाचून दाखवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आणि सर गोठ्यात उभे होतो, तर फाटकातून आक्का आत आल्या. नऊवारी लुगडं, हातात मोठी पिशवी, एस.टी.च्या धुळीनं केस पांढरे झालेले. कॉलेजात विचारत विचारत इथवर आल्या होत्या.

"आक्का, तू?" सर म्हणाले. "अशी अचानक?"

आक्का रागावल्या नव्हत्या. उलट फार हळू बोलल्या. "बापू, पोरगी सांभाळली तं मले सांगाचं होतं. कोनाची हाये, काय हाये, मी इचारलं असतं काय? असा दिवस अन् घरची बाई नको जवळ?" त्यांनी पिशवी उघडली. हिरवं लुगडं, खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकवाचा करंडा. "कोठी हाये चांदनी?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी श्रावणभाऊंकडे पाहिलं. श्रावणभाऊंनी छताकडे पाहिलं. शेवटी तार मीच केली होती.

"आक्का," मी म्हणाले. "चांदणी... ही."

चांदणीनं खुंट्याला हिसका दिला आणि बें केलं.

आक्का तिच्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता हसतील. किंवा नारळ माझ्या डोक्यात घालतील, आणि तो मी मुकाट्यानं घालून घेतला असता. पण त्या तशाच उभ्या राहिल्या, लुगड्यावरून हात फिरवत.

मग म्हणाल्या, "आनलंच हाये, तं वापस काहून न्यावं?"

त्या खाली बसल्या. पदर सावरून करंडा उघडला आणि चांदणीच्या पांढऱ्या ठिपक्यावर हळद लावली, मग कुंकू. तांदूळ ओंजळीत धरून तिच्यापुढे केले. चांदणीनं ते आक्कांच्या हातातूनच खाल्ले. खण तिच्या पाठीवर ठेवला. हिरवं लुगडं उचलून माझ्या हातात दिलं. "तू घे, मास्तरीनबाई. तुलेबी कोनी देलं नसन."

मी वाकून त्यांना नमस्कार केला.

आक्कांनी चांदणीच्या मानेखाली थोडा वेळ खाजवलं. मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि सरांकडे वळल्या.

"बापू," त्या म्हणाल्या, "आता इच्यासाठी बोकड पाहजो, तं नीट पाहजो. माह्या वक्ती कोनं पाह्यला नव्हता."